गणित ऑलिम्पियाडचा दरवाजा आणि आपल्या वस्तीतली मुले

२०२४ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड झाली. भारताच्या सहा मुलांनी चार सुवर्ण, एक रौप्य आणि एक उल्लेखनीय कामगिरीचे प्रमाणपत्र आणले आणि देश चौथ्या क्रमांकावर पोहोचला. १९८९ पासून आपण या स्पर्धेत उतरतो. इतका वरचा क्रमांक त्याआधी कधी मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सनशाइन कोस्टला तीन सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य आणि ११० देशांत सातवा क्रमांक. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत मुलांचे फोटो आले, नेत्यांची अभिनंदने आली. आपल्या समाजातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. गणिताची कसली तरी स्पर्धा, हुशार पोरांची, आपला काय संबंध, असाच एकंदर सूर.

संबंध आहे, आणि तो आता वाढत चालला आहे. ही स्पर्धा आजवर हौशी, अतिहुशार मुलांचा खेळ मानली जायची. आता ती प्रवेशाचा दरवाजा बनू लागली आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट राष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये निवडल्या गेलेल्या मुलांना लेखी परीक्षेशिवाय घेते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या पदवी अभ्यासक्रमासाठी अशी मुले थेट मुलाखतीला जातात. आयआयटी मुंबईच्या गणित पदवीलाही हा मार्ग आहे. आणि २०२५-२६ च्या प्रवेशापासून आयआयटी कानपूर व आयआयटी मद्रास या दोन्ही संस्थांनी ऑलिम्पियाडमधून येणाऱ्या मुलांसाठी जेईईच्या नेहमीच्या समुपदेशनाबाहेरची वेगळी वाट उघडली. जागा थोड्या आहेत, हे खरे. पण एकेक संस्था या वाटेने जाऊ लागली की दहा वर्षांत चित्र बदलते. जेईईच्या जागांवर अनुसूचित जातींचे १५ टक्के, जमातींचे साडेसात टक्के कायद्याने बांधलेले आहेत. नव्या वाटेने जाणाऱ्यांत आपली मुले किती, हे ठरते त्या वाटेच्या अगदी सुरुवातीला, आठवी-नववीच्या वर्गात. आणि तिथे आपण जवळजवळ नाही.

ही शिडी कशी आहे ते थोडक्यात पाहू, कारण वस्तीतल्या पालकांना सोडाच, अनेक शिक्षकांनाही ती नीट माहीत नसते. पहिली पायरी म्हणजे गणित शिक्षकांच्या देशपातळीवरच्या संघटनेमार्फत होणारी पात्रता परीक्षा, आयओक्यूएम. आठवी ते बारावीची मुले तिला बसू शकतात. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. पर्याय दिलेले नसतात. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली एक संख्या. ही परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला होते. त्यातून निवडलेली मुले प्रादेशिक फेरीला जातात, तिथून राष्ट्रीय फेरीला. या दोन्ही फेऱ्यांत प्रश्न सहाच, पण नुसते उत्तर चालत नाही, सिद्धता लिहावी लागते. मग काही आठवड्यांचे प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी सहा जणांचा संघ.

या सगळ्याची मुख्य संस्था आहे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र आहे. पैसा अणुऊर्जा विभागाचा, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा. म्हणजे तुमचा-आमचा, सरकारी तिजोरीतला. आणि ते केंद्र आहे कुठे? मुंबईत, मानखुर्दला.

मानखुर्द-गोवंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायची गरज नाही. देवनारचे डम्पिंग ग्राउंड, पुनर्वसनाच्या दाटीवाटीच्या इमारती, झोपडपट्ट्या, त्यांतली बौद्ध, मुस्लिम, मातंग कुटुंबे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्डचा निर्देशांक शहरात सगळ्यांत खाली, ०.०५ होता. देशभरातली गणिताची सर्वांत तयार मुले बरीच वर्षे ज्या आवारात शिबिराला येत राहिली, त्या आवाराच्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर महापालिकेच्या शाळा आहेत. त्या शाळांतल्या मुलांना या केंद्राचे नाव विचारून पाहा. एखाद्याला बसस्टॉप म्हणून माहीत असते. केंद्राने शालेय शिक्षणासाठी चांगले काम केलेले आहे, सोपी पुस्तकेही काढली आहेत. मी त्याला नावे ठेवत नाही. पण ऑलिम्पियाडची शिडी या वस्तीच्या बाजूने कधी लावलेली दिसत नाही.

जे होते ते बंद पडले

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. दहावीच्या मुलांसाठी राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा होती, एनटीएसई. १९६३ पासून चालत आलेली. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव शिष्यवृत्त्या होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणचा, अगदी तालुक्यातलाही एखादा मुलगा ती मिळवायचा, शाळेत फलक लागायचा, समाजात सत्कार व्हायचा. ती योजना २०२१ पासून स्थगित आहे. त्यानंतरच्या वर्षी किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही वेगळी राहिली नाही, दुसऱ्या योजनेत विलीन झाली. म्हणजे ज्या राष्ट्रीय परीक्षांत सामाजिक न्यायाची तरतूद होती त्या मागे पडल्या, आणि जिच्यात अशी तरतूद नाही तिचे वजन वाढते आहे. हे कुणी ठरवून केले असा माझा आरोप नाही. पण परिणाम तोच होतो, आणि समाज म्हणून आपण परिणामांकडे बघायला हवे.

आज आपल्या मुलांच्या हातात काय उरले? आठवीतली एनएमएमएस. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत असेल तर वर्षाला १२ हजार रुपये, बारावीपर्यंत. ही चांगली योजना आहे आणि ती मिळवण्यासाठी धडपडलेच पाहिजे. तसेच शिष्यवृत्ती परीक्षा, गणित अध्यापकांच्या संघटनांच्या गणित प्रावीण्य-प्रज्ञा परीक्षा, पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची पाचवी-सहावीच्या मुलांसाठीची गणित प्रज्ञाशोध स्पर्धा. यांतल्या किती परीक्षांचे फॉर्म आपल्या वस्तीतल्या शाळेत येतात? जिथे गणिताचे शिक्षक उत्साही, तिथे येतात. जिथे एकच शिक्षक गणित, विज्ञान, जनगणना आणि मतदारयादी सांभाळतो, तिथे येत नाहीत.

येते ते दुसरेच. 'ऑलिम्पियाड' हे नाव लावून खासगी परीक्षा शाळाशाळांत घेतल्या जातात. कमी फीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, जिथे आपले रिक्षावाले, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका पोटाला चिमटा काढून मुलांना घालतात, तिथे या परीक्षांचे पत्रक हमखास घरी येते. काहीशे रुपये भरायचे, वर्गातल्या पहिल्याला पदक मिळते, बाकीच्यांना प्रमाणपत्र. यांतल्या एका परीक्षेचे संक्षिप्त नाव तर नेमके 'आयएमओ'च आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचेच. आई अभिमानाने सांगते, पोरगी ऑलिम्पियाडला बसली. त्या परीक्षेचा आणि देशाचा संघ निवडणाऱ्या शिडीचा काहीही संबंध नाही, हे तिला कुणी सांगत नाही. मुलांना सराव मिळतो, ठीक आहे. पण महिन्याचा हिशोब दहा रुपयांपर्यंत करणाऱ्या घरातून हा पैसा कशासाठी जातो, हे त्या घराला कळले पाहिजे.

हे गणित असते तरी कसले

आपल्याकडे एक समज पक्का आहे: ऑलिम्पियाडचे गणित म्हणजे खूप पुढचे, कॉलेजातले गणित. तसे नाही. त्यात कलनशास्त्र लागत नाही. लागते ते संख्यांचे गुणधर्म, भूमिती, थोडे बीजगणित आणि मोजणीच्या युक्त्या. यातले बरेचसे सातवी-आठवीच्या मुलाला समजण्यासारखे असते. फरक एवढाच, की शाळेतल्या गणितात पद्धत आधी सांगितलेली असते आणि उदाहरण मागून येते. इथे उदाहरण आधी येते आणि पद्धत आपण शोधायची.

एक जुना, जगभर वापरला जाणारा प्रश्न सांगते. बुद्धिबळाचा पट घ्या, ६४ घरे. समोरासमोरच्या टोकांची दोन घरे कापून टाका. उरली ६२. आता तुमच्याकडे ३१ पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टी शेजारची दोन घरे झाकते. सगळी ६२ घरे झाकता येतील का?

आमच्या अभ्यासिकेत मी हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे कागद आणि काड्यापेटीच्या काड्या देऊन ठेवला होता. तासभर मुले काड्या मांडत होती. प्रत्येक वेळी शेवटी दोन घरे उरायची आणि ती शेजारी नसायची. भांडणे झाली, तुझे चुकले, मला दे. मग एका मुलीच्या लक्षात आले की उरलेली दोन घरे नेहमी एकाच रंगाची असतात. तिथून पुढे पाच मिनिटांत सगळे सुटले. प्रत्येक पट्टी एक काळे आणि एक पांढरे घर झाकते. समोरासमोरची टोके एकाच रंगाची असतात. ती कापली की एका रंगाची ३० घरे उरतात आणि दुसऱ्याची ३२. मग ३१ पट्ट्या बसणार कशा? बसणारच नाहीत, कितीही वेळा मांडल्या तरी.

एखादी गोष्ट 'होत नाही' हे प्रयत्न करून थकल्याने सिद्ध होत नाही, कारण देऊन सिद्ध होते. हा फरक त्या दिवशी त्या मुलांना कळला. ऑलिम्पियाडची पुढची सगळी इमारत याच पायावर उभी आहे. ऐकीव, परंपरेने आलेली, मोठ्यांनी सांगितलेली गोष्ट तशीच मान्य करू नका, कारण तपासा, हे आपल्याला धम्मात आधीपासून शिकवलेले आहे. विहारात आपण ते मोठ्यांना सांगतो. लहानांना ते गणितातून करून बघता येते.

हा अनुभव आपल्या मुलांना सहसा मिळत नाही. त्यांच्या वाट्याला गाईड येते, पाठ केलेली सूत्रे येतात, आणि चुकले की ओरडा. वरच्या थरातल्या घरात हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतो, कारण बाबा इंजिनिअर असतात किंवा मामा प्राध्यापक. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. ते पैशासारखे दिसत नाही, म्हणून त्याला गुणवत्ता म्हटले जाते. अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये आयआयटी मद्रासवर लिहिलेल्या पुस्तकात हेच तपशिलाने दाखवले आहे: पिढ्यान्‌पिढ्या जातीने मिळालेली आघाडी पुढे 'मेरिट' या नावाने कशी ओळखली जाते.

शिवाय आता या 'घरगुती' भांडवलावर बाजाराचा थर चढला आहे. जेईईचे मोठे क्लास सहावी-सातवीपासून फाउंडेशनच्या बॅच चालवतात आणि त्यांतल्या निवडक मुलांची ऑलिम्पियाडसाठी वेगळी तयारी करून घेतात. ज्या दोन पुस्तकांवर अनेक वर्षे मुलांनी तयारी केली, 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स' आणि भास्कराचार्य प्रतिष्ठानचे 'अॅन एक्सकर्शन इन मॅथेमॅटिक्स', ती दोन्ही इंग्रजीत आहेत. गंमत अशी, की अंतिम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक मुलाला प्रश्नपत्रिका त्याच्या भाषेत मिळते. संघप्रमुख एकत्र बसून पन्नासहून अधिक भाषांत भाषांतरे करतात, आणि मूल आपल्या भाषेत उत्तर लिहू शकते. भाषेची अडचण जगाच्या पातळीवर मान्य झालेली आहे. आपल्याकडे मराठी माध्यमातला जिल्हा परिषदेचा मुलगा ती अडचण पहिल्याच पायरीवर एकटा सोसतो.

फळ्याजवळ जाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी बाबासाहेबांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आपण सगळ्यांनी वाचला आहे. आज डबे कुणी उचलत नाही. पण आयआयटी मुंबईला २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लेखी सूचना काढावी लागली, की एकमेकांना जेईईचा रँक विचारू नका, कारण त्यातून जात शोधली जाते. ऑलिम्पियाडमधून आलेला मुलगा हा रँकच्याही वरचा शिक्का घेऊन येतो. त्या शिक्क्याच्या रांगेत आपले कुणीच नसेल, तर 'यांना गणित येत नाही' या जुन्या कुजबुजीला नवा पुरावा मिळतो.

मागायचे काय

काही कार्यकर्ते म्हणतात, ऑलिम्पियाडमध्येही आरक्षण मागा. मला सहा जणांच्या संघात आरक्षण नको आहे, आणि त्याने आपले काही साधणारही नाही. शिडीच्या तळाशी मात्र विशेष तरतूद मागितलीच पाहिजे, आणि ती मागताना संकोच करण्याचे कारण नाही. कारण या शिडीत विशेष तरतुदी आजही आहेत. मुली कमी येतात हे लक्षात आल्यावर पुढच्या फेऱ्यांसाठी त्यांची वेगळी संख्या ठरवली गेली. मुलींची युरोपीय गणित ऑलिम्पियाड आहे, तिला भारत संघ पाठवतो. आयआयटी मद्रासने ऑलिम्पियाडच्या वाटेवर प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलीसाठी. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयांना निवडीसाठी स्वतंत्र विभागाचा दर्जा आहे, म्हणजे नवोदयचा मुलगा थेट शहरातल्या क्लासच्या मुलाशी टक्कर देत नाही, आधी नवोदयच्याच मुलांत निवडला जातो. यातल्या कशानेही स्पर्धेचा दर्जा घसरला असे कुणी म्हणत नाही. देशाचा क्रमांक तर वर गेला.

मग हाच न्याय समाजकल्याण खात्याच्या शाळांना का नको? महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने शासकीय निवासी शाळा आहेत. आदिवासी मुलांसाठी देशभर एकलव्य निवासी शाळा आहेत. मुले तिथेच राहतात, संध्याकाळचा वेळ असतो, वर्ग असतात. या शाळांना नवोदयसारखा स्वतंत्र विभाग द्या, त्यांना परीक्षा केंद्रे करा, तिथल्या गणित शिक्षकांना मानखुर्दच्या केंद्रात बोलावून प्रशिक्षण द्या. संविधानाच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ती जबाबदारी पदकांच्या खात्याला लागू नाही असे कुठे लिहिलेले नाही.

दुसरी मागणी माहितीची. प्रत्येक टप्प्याला किती मुले बसली, त्यांत अनुसूचित जाती-जमातीची किती, राज्य मंडळाची किती, मराठी किंवा इतर भारतीय भाषांच्या माध्यमातली किती, ग्रामीण किती, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आज जाहीर होणाऱ्या याद्यांवरून हे कळत नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या उपक्रमाचा एवढा ताळेबंद मागणे काही जास्त नाही. आणि ज्या आयआयटी ऑलिम्पियाडची वाट उघडत आहेत, त्यांनी त्या जागांवर आरक्षणाचा हिशोब कसा बसवला आहे, हे प्रवेशाच्या माहितीपत्रकात साध्या भाषेत लिहावे. आपल्या खासदारांनी संसदेत एवढा एक प्रश्न विचारला तरी बरेच बाहेर येईल.

बार्टीकडेही मागता येईल. यूपीएससी, एमपीएससी, बँक भरती यांच्या प्रशिक्षणावर बार्टी खर्च करते, ते आवश्यक आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत मूल २२-२३ वर्षांचे झालेले असते. गणिताची भीती सहावीत बसते.

अमेरिकेतल्या एका कार्यकर्त्याचा धडा

आपल्या पँथरच्या पिढीने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या चळवळीकडून नाव आणि हिंमत घेतली. त्याच चळवळीतल्या एका माणसाकडून गणिताबाबतही घेण्यासारखे आहे. बॉब मोझेस हे साठच्या दशकात मिसिसिपीमध्ये काळ्या शेतमजुरांची मतदार नोंदणी करणारे तरुण कार्यकर्ते. मारहाण सोसली, तुरुंगात गेले. तिथे मतदार होण्यासाठी साक्षरतेची परीक्षा असायची आणि काळ्यांना ती नापास करवली जायची; मुळात त्यांना शिकू दिलेच गेले नव्हते. पुढे मोझेस यांची मुलगी आठवीत गेली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आठवीत बीजगणित मिळाले नाही तर पुढे कॉलेजच्या वाटेवरचे गणित मिळतच नाही, आणि काळ्या मुलांना ते मिळत नाही. १९८२ मध्ये एक मोठी फेलोशिप मिळाली, ती त्यांनी या कामाला लावली. 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. गणित येणे हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, ही त्यांची मांडणी. २०२१ मध्ये वारले, तोवर हेच काम करत राहिले.

मोझेस यांनी मतदार नोंदणीत वापरलेली पद्धतच गणितात वापरली, हे मला महत्त्वाचे वाटते. बाहेरून तज्ज्ञ आणून वर्ग घ्यायचे नाहीत. वस्तीतल्याच मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे आणि पालकांनी शाळेपुढे मागणी घेऊन उभे राहायचे. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून 'बीम' नावाचा उपक्रम गरीब घरांतल्या मुलांना नेमके ऑलिम्पियाडच्या धर्तीचे गणित उन्हाळी शिबिरांत देतो. तिथली सुरुवातही सहावी-सातवीच्या आसपासच होते. बारावीत मदत करून उपयोग नसतो, हे त्यांनाही कळले आहे.

विहारात काय करता येईल

आपल्याकडे विहार आहेत, ही मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रात बौद्ध वस्ती तिथे विहार, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला लागून अभ्यासिका. अभ्यासिकेत आज कोण बसते? पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पंचविशीतली मुले. त्यांना बसू द्यावे. पण रविवारी वंदनेनंतर दोन तास सहावी ते आठवीच्या दहा-बारा मुलांसाठी ठेवता येतात. शिकवायला गणिताचा प्राध्यापक लागत नाही. वस्तीत इंजिनिअरिंगला गेलेली एक तरी पोर असतेच; तिने आठवड्याला दोन प्रश्न आणायचे आणि उत्तर सांगायचे नाही. हे 'न सांगणे' सगळ्यांत अवघड जाते. आमच्याकडच्या ताईदादांना ते शिकायला बरेच रविवार लागले. मुले अडली की यांचा हात आपोआप खडूकडे जायचा.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या आणि शिक्षक संघटनेच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. त्यांतले पहिले दहा प्रश्न दोन-दोन गुणांचे आणि तुलनेने सोपे असतात. आठवीच्या मुलाने तिथून सुरुवात करावी. मराठीत प्रश्न हवे असतील तर आपणच भाषांतर करावे. पाच वस्त्यांनी महिन्याला दहा-दहा प्रश्न मराठीत आणले तर वर्षाला सहाशे प्रश्नांचा संग्रह होतो. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात त्याची छपाई निघते. (हे वाक्य काहींना झोंबेल, झोंबू द्या.)

वेळेचाही योग जुळतो. पात्रता परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन वर्षावासात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. आया-आज्या येतात, मुले सोबत येतात आणि मागे दंगा करतात. त्या मागच्या मुलांना बाजूच्या खोलीत एक फळा द्यावा.

यात एक धोका आहे, तोही बोलायला हवा. आपण याचाही क्लास करून टाकू शकतो. रोज चाचणी, गुणांचा तक्ता, पहिल्या तिघांचा सत्कार, बाकीच्यांना 'बघ तो कसा अभ्यास करतो'. मग दहातली सात मुले महिन्याभरात येणे बंद करतात, आणि त्यांत मुली आधी जातात, कारण घरी भांडी वाट बघत असतात. या मुलांपैकी बहुतेक राष्ट्रीय फेरीपर्यंत जाणार नाहीत. काही पहिली फेरीही पार करणार नाहीत. तरी तासभर एका प्रश्नाला चिकटून बसायची सवय लागलेले मूल दहावीच्या गणिताला घाबरत नाही, डिप्लोमाला टिकते, आणि 'हे असे का?' असे वर्गात विचारते. निकालाची घाई करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

ज्यांना यंदापासून सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी: पात्रता परीक्षेची नोंदणी पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत होते, तेव्हा शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना भेटा आणि शाळेच्या नावाने नोंदणी होईल का ते विचारा. नाही म्हणाले तर जवळचे केंद्र कोणते, ते शिक्षक संघटनेच्या संकेतस्थळावर पाहा. आज आठवीत असलेल्या मुलापुढे बारावीपर्यंत अनेक संधी आहेत. पहिल्या वर्षी नुसता पेपर पाहून आला तरी चालेल. पाचवीतल्या मुलांच्या पालकांनी नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाचा अर्ज भरावा, तिथे अनुसूचित जाती-जमातींना जागा राखीव आहेत आणि ऑलिम्पियाडसाठी विभागही स्वतंत्र आहे. एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच जातो. आठवीच्या वर्गशिक्षकांना पहिल्या सहामाहीत आठवण करा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. तो मिळायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ कुठल्याही गणिताला लागत नाही.